हिरडीला टाके असताना हसायचं नसतं

माझे वरचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, हे मला एका पेरूनं सांगितलं. मला पेरू कडक लागतो, अर्धाकच्चा, वरून मीठ-तिखट लावलेला. त्या दिवशी मी चावा घेतला तर पेरू होता तिथंच राहिला आणि दातच थोडे पुढं जाऊन परत आले. मी पेरू ताटलीत ठेवला, आरशासमोर गेले आणि जिभेनं दात ढकलून पाहिले. हलत होते. मग बोटानं पाहिले. मग खात्री करायला पुन्हा जिभेनं. त्यानंतर कितीतरी दिवस माझा तोच उद्योग चालला होता. भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, कुणाच्या तरी सांत्वनाला गेल्यावरसुद्धा जीभ आपली दातांच्या मागं.

हिरड्यांतून रक्त कित्येक वर्षं येत होतं. पण आमच्याकडं रक्ताला एकच कारण माहीत, उष्णता. सब्जा भिजवून प्यायचा, तुरटीच्या गुळण्या करायच्या आणि विसरून जायचं. ब्रश मी रोज करायचे, नाही असं नाही. पण पाहुणे येणार म्हणून पुढची खोली झाडावी तसा, दिसेल तेवढाच.

दाढ हलली असती तर मी तिला खुशाल जाऊ दिलं असतं. हे दोन दात म्हणजे माझा धंदा होता. धंदा म्हणजे त्यातून काही मिळत नाही, पण पिशोरचं माझं सगळं माहेर आणि इथलं सासर, दोन्हीकडं गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. बारसं असो, जावळ असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, आता हिला बोलू द्या. आणि मी बोलते. एकदा सुरू झाले की लोक चहा गार होऊ देतात, असं माझं मत आहे. समोरचे दोन दात गेल्यावर तोंडातून नुसती हवा जाईल, आणि ज्या ठिकाणी लोकांनी गोष्टीला हसायचं तिथं ते मला हसतील, ही माझी भीती होती. आमच्या नात्यात एका काकांनी नवी कवळी बसवून भाषण केलं होतं. त्यातलं भाषण आज कुणाला आठवत नाही.

शेवटी नवऱ्यानंच सिडकोतल्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. माझा नवरा फार बोलत नाही. लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली, त्यात मी त्यांना बोलायला जागा ठेवली नाही असं सासरचे म्हणतात. माहेरचेही म्हणतात.

डॉक्टरबाई हिरड्यांच्याच होत्या, फक्त हिरड्यांच्या. एवढ्याशा जागेचा वेगळा डॉक्टर असतो हे मला तेव्हा कळलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी एक बारीक काडी प्रत्येक दाताच्या कडेनं आत घालून खोली मोजली, आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत गेल्या. पुढच्या दोन दातांपाशी त्यांचा आवाज जरा उतरला. मग त्यांनी एक्स-रे दाखवला. दातांच्या मुळांभोवतीचं हाड एप्रिलमधल्या विहिरीसारखं आटलं होतं.

“काकू, हे दात अजून काढायला नकोत,” त्या म्हणाल्या, “पण वाचतीलच असं मी आज सांगू शकत नाही.”

आधी त्यांनी साखर तपासून घेतली, सगळे दात खरवडून साफ केले, ब्रश कसा धरायचा ते पहिलीतल्या पोरीला शिकवावं तसं शिकवलं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं. बाकीच्या हिरड्या शहाण्या झाल्या होत्या. ते दोघं मात्र तसेच. तेव्हा त्यांनी ऑपरेशन सांगितलं. हिरडी बाजूला सारायची, मुळांवर साठलेली घाण काढायची, हाड झिजलंय तिथं हाडाची भुकटी भरायची आणि हिरडी पुन्हा जागेवर शिवून टाकायची. मला एकदम गोधडी आठवली. एक कोपरा उसवायचा, आतला भिजका चिंध्यांचा बोळा काढायचा, नवं भरायचं, टाके घालायचे. मी तसं म्हटलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच, फक्त या गोधडीवर आठ-दहा दिवस कुणी बसायचं नाही. म्हणजे तिखट नको, गरम नको, ओठ उचलून आरशात बघणं नको, फार बोलणं नको. आणि हसणं नको. ओठ ताणला की टाके ओढले जाणार, हिरडी सुटली की भुकटी बाहेर येणार, आणि मग त्या दातांना धरायला आत काहीच उरणार नाही.

“बोलणं नको म्हणजे अगदीच नको का?” मी विचारलं.

नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

ऑपरेशन एका सकाळी झालं. इंजेक्शनं टोचली तेवढीच काय ती तक्रार. मग वरचा ओठ माझा राहिलाच नाही, शेजारणीचा असावा तसा वाटायला लागला. आत काहीतरी खरवडत होतं, पाणी उडत होतं, नळी ते ओढून घेत होती, आणि डॉक्टरबाई मधूनमधून “छान, काकू, छान” म्हणत होत्या. मी काहीच करत नसताना एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. शेवटी टाके घातले आणि वरून गुलाबी रंगाचा लगदा थापला. तो लगेच घट्ट झाला. आरशात पाहिलं तर दातांच्या वर कुणीतरी च्युइंगम चिकटवून पळून गेल्यासारखं दिसत होतं.

तोंडावर रुमाल धरून मी बाहेर आले, आणि तिथं माझं माहेर बसलं होतं.

झालं होतं असं. नवऱ्यानं आदल्या दिवशी माझ्या भावाला फोनवर सांगितलं होतं, उद्या हिचं ऑपरेशन आहे. एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. जास्त बोलायची त्यांना सवय कुठली. आता आमच्याकडं ऑपरेशन म्हटलं की पोटाचं. आणि माहेरच्या लेकीचं ऑपरेशन म्हटलं की गाडी करायची, हा नियमच आहे. पेशंटजवळ माणूस पाहिजे, त्या माणसाला भाकरी पाहिजे, भाकरी आणणाऱ्याला आडवं व्हायला सतरंजी पाहिजे. तसे ते काळीपिवळी जीप करून पिशोरहून सकाळी निघाले होते. भाऊ, वहिनी, आत्या, आणि गाडीत जागा होती म्हणून आलेले शेजारचे चार-पाच जण. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, ठेच्याचा डबा, पाण्याचा कॅन, नारळ, दोन सतरंज्या. त्यातली एक त्यांनी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये अंथरलीसुद्धा होती. दात दाखवायला आलेले लोक चपला हातात घेऊन कडेकडेनं जात होते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची, काटक. जन्मभर मिश्री लावली, त्यामुळं तोंडात एकही दात नाही, पण शेंगदाण्याचं कूट करून का होईना शेंगदाणे सोडलेले नाहीत. ती मला उचलून धरायला दोन्ही हात पसरून उभी राहिली होती. मी धडधाकट चालत येताना पाहून तिचे हात हळूहळू खाली आले.

“चालत आलीस व्हय?” ती म्हणाली. आवाजात स्पष्ट निराशा.

भावानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कापलं कुठं? मी रुमाल बाजूला करून तोंड दाखवलं. आत्यानं वाकून, डोळे बारीक करून आत पाहिलं आणि म्हणाली, एवढ्यासाठी आम्ही कालवड दुसऱ्याच्या दावणीला बांधून आलो. पण आता आलोच आहोत तर राहू. ऑपरेशनच्या माणसाला एकटं सोडत नसतात.

तर ते राहिले. शेजारचे लोक गुलमंडीवर बाजार करून संध्याकाळी गाडीनं परत गेले. भाऊ, वहिनी आणि आत्या थांबले. वहिनीनं मला आंबील करून दिली, ज्वारीच्या पिठाची, ताक घातलेली, गार. मी चमच्यानं ती ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवत होते. बाकीचे समोर बसून ठेचा-भाकरी खात होते आणि माझी कीव करत होते. वहिनी प्रत्येक घासाला म्हणायची, तुमच्याबिगर गोड लागत नाय. आणि पुढचा घास घ्यायची.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. जेवणं झाली, पंखा लावून सगळे आडवे-तिडवे बसले, आणि सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. घरात एक विचित्र शांतता पसरली. आमच्या घराला अशा शांततेची सवय नाही. कुणीतरी टीव्ही लावेल असं मला वाटलं. पण भावानं घसा साफ केला आणि म्हणाला, मी सांगतो, बकरीची सांगतो.

बकरीची गोष्ट माझी आहे. माझी म्हणजे माझ्या लग्नातली, आणि सांगायचीही मीच. ती थोडक्यात अशी. नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत देवदर्शनाला, मारुतीच्या देवळात गेला होता. तिथून मांडवात येईपर्यंत एका बकरीनं त्याच्या मुंडावळ्यांतली डावी बाजू खाऊन टाकली. उजवीकडं शेवंतीची माळ लोंबतेय आणि डावीकडं नुसता दोरा, असा माझा नवरा अंतरपाटामागं उभा राहिला. मी ही गोष्ट सांगते तेव्हा बकरी खात असताना नवरदेव कसा घाबरून दगडासारखा ताठ बसला होता ते करून दाखवते. मान ताठ, डोळे मोठे, हात गुडघ्यांवर. तिथं लोक हमखास हसतात. नवरासुद्धा दरवेळी गालातल्या गालात हसतो. मी ते पाहिलेलं नव्हतं हा भाग वेगळा. मी तेव्हा हळद पुसत घरात बसले होते.

भावानं गोष्टीची पार वाट लावली. बकरीला बोकड केलं. शेवंतीचा झेंडू केला. देवळातला प्रसंग त्यानं मांडवातच उरकून टाकला. मी सोफ्यावर बसून हातवारे करत होते, नाही-नाही म्हणून मान हलवत होते, पण तो थांबेना. मग आत्या मध्ये पडली. बकरी तिची होती. तिचं म्हणणं, बकरीची बदनामी फार झाली, ती गरीब होती, कुणाच्या अंगाला जाणारी नव्हती. दोघांचं चांगलंच जुंपलं. भाऊ म्हणे गरीब होती तर नवरदेवावर चढली कशी. आत्या म्हणे, जावईबापूंनाच इचार की, ते हायेत की हितं.

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. ते माझ्या औषधाच्या गोळ्या मोजून डबीत घालत होते. मला वाटलं, नेहमीसारखं हसून उठून जातील. त्यांनी डबी बंद केली.

ते सांगायला लागले, अगदी सावकाश. देवळातलं सगळं झालं होतं. वाजंत्रीवाले पुढं गेले, त्यांच्यामागं नाचत पोरं गेली, पोरांना आवरायला मोठी माणसं गेली. घोडी अडून बसली म्हणून ती घेऊन घोडीवाला पाण्यावर गेला. आणि नवरदेव पारावर एकटा राहिला. सकाळपासून उपास. शहरात वाढलेला माणूस, गावात कुणी ओळखीचं नाही. बायको कशी आहे माहीत नाही, एकदाच पाहिलेली, आणि तेव्हाही सगळा वेळ तीच बोलत होती.

इथं वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी नवऱ्याकडं डोळे वटारले. तेवढंच मला परवानगीत बसत होतं.

आणि समोर, ते म्हणाले, एसटी उभी होती. शहराकडं तोंड करून. कंडक्टर खाली उभा राहून चहा पीत होता.

“माझ्या मनात आलं, जावं,” ते म्हणाले. “खरंच आलं. मुंडावळ्या काढून खिशात घालायच्या आणि बसायचं. मी उठलोसुद्धा.”

वहिनीनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मला माझ्याच लग्नाची ही बातमी पंचवीस वर्षांनी, तोंड शिवलेल्या अवस्थेत मिळत होती.

मग बकरी आली म्हणाले. पाराच्या कडेला पुढचे पाय ठेवून तिनं एक फूल ओढलं. शांतपणे चावलं. त्यांच्याकडं बघितलं. पुन्हा एक ओढलं. आणि त्यांना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. घाबरले वगैरे काही नव्हते. उलट त्यांनीच माळ तिच्या तोंडाशी धरली, खा बाई म्हणाले, तू तरी खा, मला आज कुणी काही देईना. तिनं डावी बाजू खाऊन संपवेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली आणि एसटी निघून गेली.

“दुसरी एसटी होती,” ते म्हणाले. “तासाभरानं. पण बकरी तिथंच उभी राहून बघत होती. आता तिचं खाऊन झाल्यावर तिच्यासमोर पळून जायचं कसं?”

आत्यानं मांडीवर थाप मारली.

“म्हंजी आमची पोरगी नांदली ती बकरीच्या पुण्याईनं.”

भाऊ आडवा झाला. वहिनी भिंतीला टेकून घसरत खाली गेली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, नाकानं श्वास घेत होते, छतावरच्या पंख्याकडं बघत होते, डॉक्टरबाईंचा चेहरा आठवत होते. मग माझ्या डोळ्यांसमोर तो आला. मी इतकी वर्षं करून दाखवलेला दगडासारखा नवरदेव नव्हे, तर पंचविशीतला, उपाशी, बकरीला भरवणारा पोरगा. आणि माझं हसू फुटलं. पोटातून आलं आणि ओठ ताणून बाहेर पडलं. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच वेळी जिभेवर खारट चव आली. तळहातावर गुलाबी लगद्याचा तुकडा पडला होता, कडेनं लाल.

सगळं हसणं एका क्षणात थांबलं.

नवऱ्यानं स्कूटर काढली. मागून रिक्षातून भाऊ, वहिनी आणि आत्या. सिडकोपर्यंत मी जीभ तोंडात खाली दाबून बसले होते. एरवी दिवसभर दात ढकलून बघणारी जीभ, आता तिकडं जायची तिची हिंमत होईना. दात गेले, असं मी मनात म्हणून टाकलं होतं. वाईट वाटत होतं, आणि नवऱ्याच्या पाठीकडं बघून पुन्हा हसूही येत होतं. अशी माझी गत.

डॉक्टरबाईंनी ताबडतोब खुर्चीवर घेतलं. दिवा जवळ ओढला, ओठ हलकेच उचलला. एकेक टाका तपासला. मग म्हणाल्या, लगदा निघालाय, एक टाका सैल झालाय, हिरडी मात्र जागेवर आहे. पुढं काय होतं ते आत्ता नाही कळणार, काही महिन्यांनी कळेल. सैल टाका त्यांनी नीट केला, नवा लगदा लावला आणि मग जरा रागानंच विचारलं, एवढं काय झालं होतं हसायला?

मला बोलायचं नव्हतं. मी नवऱ्याकडं बोट दाखवलं.

त्यांनी बकरीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या खेपेला जरा खुलवून. कंडक्टरच्या हातात चहाबरोबर खारीसुद्धा आली. “तू तरी खा” म्हणाले तेव्हा डॉक्टरबाईंनी हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं आणि तोंड फिरवलं. मी खुर्चीवर आडवी, दोन बोटांनी वरचा ओठ खाली धरून. दार उघडंच होतं. बाहेर गालाला बर्फ लावून बसलेला एक माणूस आत डोकावून म्हणाला, “फिर बस का क्या हुआ?”

त्यानंतरचे दिवस मी देवासारखी वागले. माहेरचे परत गेले तेव्हा गाडी वळेपर्यंत हसून निरोपसुद्धा दिला नाही, नुसता हात हलवला. टाके निघाले. दातांच्या फटीतून फिरवायचे बारीक ब्रश आले, ते मी न विसरता फिरवायला लागले. जिभेला दातांना हात लावू दिला नाही, आता जिभेला हात असतो असं समजून घ्या. पेरूवाली दिसली की रस्ता ओलांडायचे.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा ती काडी घातली. आकडे सांगताना त्यांचा आवाज उतरतोय का, एवढंच मी ऐकत होते. उतरला नाही. मग दोन अवजारांच्या मुठींमध्ये एकेक दात धरून त्यांनी पुढं-मागं ढकलून पाहिला. पहिल्या खेपेला असं केलं होतं तेव्हा मला दात जाताना आणि येताना कळला होता. आता माझं सगळं डोकंच त्याच्याबरोबर हललं.

“राहिले, काकू,” त्या म्हणाल्या. “आता बोला कितीही.”

मी खुर्चीवरून उतरायच्या आधीच बोलायला लागले. पार्किंगपर्यंत बोलत होते. नवरा हेल्मेट घालून मान डोलावत होता.

आता सांगण्यासारखं एवढंच. गेल्या महिन्यात भावाच्या नातवाचं जावळ होतं. पिशोरला सगळे जमलो. जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, लोक निंबाखाली बसले. मी पदर खोचला, पुढं सरकून बसले, पाणी प्यायले. कुणीतरी म्हणालं, बकरीची होऊ द्या. मी दोन्ही दात दिसतील असं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भाऊ म्हणाला, तू थांब गं, जावईबापू सांगतील. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. लेकरंसुद्धा उठून माझ्या पुढ्यातून त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

माझे हे आता गोष्ट सांगताना आधी चष्मा काढून ठेवतात. हे कुठून शिकले, देव जाणे. त्यांनी पार उभा केला, उपास सांगितला, वाजंत्री लांब लांब जात ऐकू यायची बंद झाली तेसुद्धा केलं. मग म्हणाले, समोर एसटी उभी होती, आणि थांबले. कुणी हलेना. त्या थांबण्यात मला पुढचं सगळं दिसलं आणि मी मोठ्यानं हसले, तोंडावर हात न धरता, चांगली खदखदून. अख्खा निंब माझ्याकडं बघायला लागला.

आत्यानं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“अगं थांब की,” ती म्हणाली, “बकरी यायचीय अजून.”